इंजिनातली काजळी आणि अक्रोडाची टरफलं

माणसाच्या छातीचा फोटो दाखवताना डॉक्टर निदान चेहरा तरी लांब करतो. दाव्रोन मेकॅनिकने आमच्या गाडीच्या पोटातला फोटो मला दाखवला तो सूर्यफुलाच्या बिया सोलत सोलत, आणि फोलं माझ्या बुटांच्या दिशेने उडवत.

"हे बघा बाइके," तो म्हणाला. बाइके म्हणजे थोरला भाऊ. बिश्केकच्या गॅरेजांत बिल जितकं मोठं होणार असेल तितका हा शब्द जास्त मायेने उच्चारतात. "हे तुमचे व्हॉल्व्ह."

मोबाइलच्या पडद्यावर मला हिवाळा संपल्यावरचं कोळशाच्या शेगडीचं धुराडं दिसलं. मध्ये कुठेतरी एक दांडी होती आणि तिच्यावर काळे, खडबडीत, फुगलेले थर चढले होते.

"एवढी काजळी?"

"कार्बन."

"पण ही जर्मन गाडी आहे."

"कार्बनही जर्मनच आहे," दाव्रोन म्हणाला. "थोडा आपलाही असेल."

मग त्याने मला समजावून सांगितलं. जुन्या इंजिनांत पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत आत जायचं, जाता जाता त्यांना धुऊन जायचं. ही नवी इंजिनं शहाणी. ती पेट्रोल थेट सिलिंडरात फवारतात. त्यामुळे व्हॉल्व्हला जन्मात अंघोळ नाही. तेलाची वाफ येते, बसते, भाजते. पुन्हा येते, पुन्हा बसते. "त्यात तुमची गाडी घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. अंगात ऊब यायच्या आत बंद. वर्षानुवर्षं कधी जोरात धावली नाही, कधी घाम गाळला नाही. आत साठणार नाही तर काय होणार?"

हे वर्णन तो गाडीचं करत होता असं मी धरून चाललो.

एरवी मी त्या गाडीला तशीच खोकू दिली असती. सिग्नलला ती हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची, चढावर उसासे टाकायची, आणि समोर एक पिवळा दिवा कायम लागलेला असायचा. पण आपल्या ऑफिसातही असे सहकारी असतात आणि ते निवृत्तीपर्यंत टिकतात. अडचण वेगळी होती. पंधरवड्यावर आमच्या मुलीचं, बेगिमायचं, लग्न आलं होतं.

तिच्या कानात सासरची कुंडलं घालण्याचा समारंभ झाला, तेव्हा तलासहून आमचे कुदा, म्हणजे व्याही ओरोज़बाय, आणि कुदागी, म्हणजे विहीण सायराकान, आले होते. ओरोज़बाय शर्यतीचे घोडे तयार करणारे. कमी बोलणारा माणूस. समोरचा बोलत असताना ते त्याच्या पायांकडे बघत राहतात, त्यामुळे समोरचा जास्त बोलतो. मीही बोललो. सगळ्या नातेवाइकांदेखत म्हणालो, "कुदा, मुलीला न्यायला याल तेव्हा परतीच्या वाटेला तुम्ही आणि कुदागी माझ्या गाडीत. तोओ-आशूचा घाट असा चढवीन की तुमच्या हातातल्या पियालीतला चहा हलणार नाही."

आमच्यात व्याह्यांसमोर टाकलेला शब्द म्हणजे कापलेला मेंढा. तो पुन्हा उठून कुरणात जात नाही.

घाटात गाडी अडली तर ओरोज़बाय काही बोलले नसते. तलासच्या बायका बोलल्या असत्या. 'ती नवी सून का? जिच्या बापाची गाडी घाटात धापा टाकत होती ती?' आमच्या मुलीचं भूगोलातलं पदवीपत्र, तिचं वळण, तिच्या हातचा पुलाव, सगळं मागे राहिलं असतं आणि ती जन्मभर धापेवाल्याची बेगिमाय झाली असती.

"उपाय काय?" मी दाव्रोनला विचारलं.

"एकच. वरची नळकांडी काढायची आणि हवेच्या जोराने आत अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मारायचा. टरफल कार्बनला खरवडतं आणि लोखंडाला ओरखडा काढत नाही."

"मग मारा."

"चुरा संपलाय. जर्मनीहून येतो. महिनाभर तरी लागेल."

मी ताठ झालो. ज्या देशाच्या दक्षिणेला अक्रोडाचं जंगल इतकं मोठं आहे की त्यात गुरं, माणसं आणि अधूनमधून वनाधिकारी हरवतात, त्या देशाने टरफलं जर्मनीहून मागवायची? शिवाय अक्रोड हा माझा विषय होता. मी सरकारी मानकं लिहितो. सुका जर्दाळू किती सुकलेला असावा, मधाला मध केव्हा म्हणावं, हे या देशात माझ्या सहीने ठरतं. अक्रोडाचं मानक मीच लिहिलं होतं आणि त्यात टरफलाची नोंद 'निरुपयोगी भाग' अशी केली होती. ते कलम दुरुस्त करण्याची वेळ आली आहे असं माझ्या मनाने घेतलं.

"चुरा मी आणतो," मी म्हणालो.

दाव्रोनने पहिल्यांदा बिया सोलणं थांबवलं. "बाइके, तो ठरावीक जाडीचा लागतो. कोरडा लागतो. तेलाचा अंश नको."

"जाडी ठरवणं हेच माझं काम आहे," मी त्याला सांगितलं आणि बाहेर पडलो. बाहेर पडताना गाडी सुरू व्हायला जरा वेळ लागला, त्यामुळे वाक्याचा परिणाम थोडा कमी झाला.

बायकोच्या, म्हणजे जुराकानच्या, मावसबहिणीचं घर त्या अक्रोडाच्या जंगलातल्या अर्सलानबोबला आहे. तिने मालवाहू गाडीवाल्याच्या हाती भलं मोठं पोतं धाडलं.

"टरफलं तुम्हाला हवीत," जुराकान पोत्याकडे बघत म्हणाली. "मग गर कोण खाणार, बेगिमायचे बाबा?"

"आपण."

"लग्नाचं घर आहे. मी गाद्या शिवू, पाहुणे मोजू, की अक्रोड फोडू?"

त्यानंतर आमच्याकडे सकाळी चहाबरोबर अक्रोड, दुपारी भाजीत अक्रोड आणि रात्री नूडल्सवर अक्रोड असं सुरू झालं. बेगिमाय लग्नाआधी वजन कमी करत होती. तिने एका संध्याकाळी ताट सरकवलं आणि म्हणाली, "बाबा, मला कुठलीही खटारा गाडी चालेल. मला गाढवावरून पाठवा. पण हे बंद करा."

अक्रोड उरायला लागले तेव्हा मी ते शेजाऱ्यांना वाटले, टरफलं परत करण्याच्या अटीवर. ही माझी चूक झाली. आमच्या इमारतीत फुकट अक्रोड घेणारा प्रत्येक जण बदल्यात सल्ला देऊनच जायचा.

सालकीन एजे या इमारतीच्या समितीच्या अध्यक्ष. त्यांना सगळे एजे, थोरली बहीण, म्हणतात, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. त्या टरफलांची पिशवी घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "एशिम, माझ्या भाच्याने गाडीत व्होडका ओतली होती. दुसऱ्या दिवशी पळायला लागली."

"इंजिनात ओतली होती?"

"ते नाही विचारलं. पण तो त्यानंतर फार हळू चालवतो."

तळमजल्यावर गेन्नादी पेत्रोविच राहतात. सोव्हिएत काळात ते रणगाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि त्यानंतर बनलेल्या कुठल्याही यंत्राला ते यंत्र मानत नाहीत. त्यांनी फोटो बघितला, चष्मा वर केला, पुन्हा बघितला.

"आमच्या वेळी," ते म्हणाले, "इंजिन काजळी खायचं आणि वर पाणी मागायचं."

"आता मागत नाही, गेन्नादी पेत्रोविच."

"म्हणूनच तुझ्या पिढीचं असं झालंय. केरोसीन आणि अ‍ॅसिटोन, अर्धं अर्धं. रात्रभर मुरवायचं."

"लोणच्यासारखं?"

"लोणच्यासारखंच. सकाळी सुरू करायची आणि समोरून बाजूला व्हायचं."

मी ठाम राहिलो. टरफलं फोडायला सुरुवात केली. उखळीत कुटली तर ती उडायची. जड रजईखाली ठेवून हातोड्याने ठोकली तर रजई फाटली, आणि ती रजई बेगिमायच्या सासरी पाठवायची होती हे मला नंतर सांगण्यात आलं. शेवटी मी मांस बारीक करायचं यंत्र काढलं. पहिले दोन घाणे छान निघाले. तिसऱ्याला यंत्राने एक मोठा, माणसासारखा आवाज केला आणि त्याचा स्क्रू वाकला.

स्वयंपाकघरात जुराकान उभी होती. तिच्यापुढे लग्नासाठी मांतीच्या, म्हणजे वाफवलेल्या करंज्यांच्या, सारणाचं मांस घमेल्यात मांडलेलं होतं.

तिने एक सुरी मला दिली, एक स्वतः घेतली, आणि आम्ही दोघांनी मांस हाताने बारीक केलं. माझा पक्ष मी मनातल्या मनात मांडत होतो.

जमलेला चुरा मी तिच्या पिठाच्या चाळणीने चाळला, जाडीप्रमाणे तीन ढीग केले आणि मधला निवडला. चाळताना एक वाऱ्याची झुळूक आली आणि पहिला ढीग गच्चीवरून खाली सालकीन एजेंनी वाळत घातलेल्या चादरींवर गेला. संध्याकाळी समितीकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. मी खुलाशात 'नैसर्गिक, वनस्पतिजन्य, त्वचेस अपायकारक नसलेले कण' असं लिहिलं. एजेंनी त्यावर शेरा मारला: 'खाज सुटते.' अंगणात इंजिन साफ करायला परवानगी मिळाली ती सगळ्या चादरी मी पुन्हा धुवायच्या बोलीवर. त्या मी धुतल्या. चवथ्या मजल्यावरून कुणीतरी त्याचा फोटो काढल्याचं नंतर कळलं.

दाव्रोनने आधीच हात वर केले होते. "तुमचा चुरा, तुमचं अंगण, बाइके. मी नाही." म्हणून गेन्नादी पेत्रोविच आणि मी, आम्ही दोघांनी व्याही येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं. प्लॅस्टिकचं झाकण काढलं, नळकांडी सोडवली, आणि ओळीने काळी भोकं दिसू लागली. आत डोकावल्यावर मला माझ्या मुलीच्या भवितव्याकडे बघितल्यासारखं वाटलं.

एका बाजूने घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावला, दुसऱ्या बाजूने रंगाऱ्याकडून आणलेल्या पंपाने चुरा मारला. पेत्रोविच आत टॉर्च धरून 'जातंय, जातंय' असं ओरडत होते. खरोखरच जात होतं. काळे खवले सुटत होते. पण आमच्या टरफलांना आतून गराचे पापुद्रे चिकटलेले होते, आणि गरात तेल असतं. काजळी जिथून निघाली तिथे हळूहळू एक तपकिरी, चकचकीत लेप बसू लागला. भाजलेल्या अक्रोडाच्या हलव्याचा वास सुटला. मजल्यामजल्यावरून डोकी बाहेर आली.

"काय शिजवताय?" वरून कुणीतरी विचारलं.

"जर्मन," पेत्रोविच म्हणाले.

आणि त्याच क्षणी फाटकातून शेअर टॅक्सी आत आली व तिच्यातून ओरोज़बाय आणि सायराकान उतरले. व्याही ठरल्या दिवशी आले तर ते व्याही कसले? माझ्या हातात पंप होता, भुवयांवर चुरा होता, आणि ज्या गाडीतून त्यांना मिरवायचं तिचं पोट फाडलेलं होतं.

"कुदा, आजारी आहे का?" ओरोज़बायनी विचारलं.

"छे, छे! प्रवासाआधीची स्वच्छता. नव्या गाड्यांना करावी लागते."

ते वाकून बघत राहिले, मग चाकांकडे बघितलं. "उभं राहून राहून पोट धरलंय. आमच्याकडे शर्यतीआधी घोड्याचा घाम काढतात. घाम निघाल्याशिवाय श्वास मोकळा होत नाही. तुम्ही टरफलं भरवताय. बरं आहे. शहरातली पद्धत असेल."

व्याह्याचा टोमणा व्याह्याने हसून घ्यायचा असतो. मी हसलो. चुरा तोंडात गेला.

आता बाई पुढे आल्या. सायराकान कुदागींच्या हातात कुमीसची मोठी बाटली होती, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची. ज्या कातडी पिशवीत तो मुरतो तिला आधी आतून धूर देतात, म्हणून चांगल्या कुमीसमध्ये काजळीचे काळे कण तरंगतात आणि माणसं ते कौतुकाने पितात. काजळी कुठे असावी याबद्दल जगात एकमत नाही.

"सून ज्या वाटेने यायची त्या वाटेवरच्या वाहनाला पांढरं शिंपडायला हवं," कुदागी म्हणाल्या.

"अवश्य! इथे, बॉनेटवर," मी म्हणालो आणि बॉनेट पाडायला गेलो.

"पत्र्यावर कशाला, कुदा? आयती छाती उघडी आहे. आशीर्वाद काळजावर द्यावा."

मी जुराकानकडे बघितलं. ती दारात उभी होती. तिची नजर सांगत होती की पांढऱ्याला नाही म्हणणारा बाप आमच्या सात पिढ्यांत झाला नाही, आणि आठवीत तुम्ही होऊ नका. मी बाजूला झालो. मला वाटलं, चार थेंब. पण तलासची माणसं सढळ. कुदागींनी डोळे मिटले, मुलांना मुलं होवोत, वाट मऊ असो, असं म्हणत म्हणत बाटली ओळीने प्रत्येक भोकावर रिती केली. आत कुमीस बुडबुडला. पेत्रोविचनी टोपी काढली.

"आता हे लोणचं झालं," ते माझ्या कानात म्हणाले.

पाहुणे चहाला वर गेल्यावर आम्ही भोकांतून चिंध्या घालून टिपलं, स्पार्क प्लग काढून इंजिन नुसतं गरगर फिरवलं, अंगणभर आंबट तुषार उडाले. मिळेल तेवढं पुसलं आणि सगळं जोडलं. दोन स्क्रू उरले. पेत्रोविच म्हणाले, सोव्हिएत काळात नेहमी चार उरायचे.

किल्ली फिरवली. गाडी शिंकली, थरथरली आणि सुरू झाली. मागून पांढरा धूर आला आणि त्याला फार घरगुती वास होता.

दुसऱ्या दिवशी निघालो. बेगिमाय आणि तिच्या मैत्रिणी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीतून पुढे गेल्या. मागे मेव्हण्याचा, तुरातचा, ट्रक. त्यात मुलीला द्यायचं सगळं सामान, फ्रिज, गालिचे, शिवलेल्या गाद्या-रजया. जुराकानच्या जावेने प्रत्येक वस्तूला लाल फीत बांधली होती, फाटलेल्या रजईलाही. मध्ये मी, शेजारी ओरोज़बाय, मागे जुराकान आणि कुदागी.

सपाटीवर मी गप्पा मारत होतो. चढ लागला तसा गप्प झालो. गाडी खालच्या गिअरमध्ये कण्हत होती. आरशात बघितलं तर मागचा रस्ता दिसत नव्हता, पांढराशुभ्र लोट होता.

"ढग खाली आलेत," मी म्हणालो.

"आपल्याच मागे आलेत," ओरोज़बाय म्हणाले.

कुदागींच्या हातात खरंच पियाली होती. जुराकानने थर्मासातला चहा दिला होता. तो बराचसा त्यांच्या मांडीवर होता. त्या सौजन्याने खिडकीबाहेर बघत होत्या, जिथे काही दिसत नव्हतं.

घाटाच्या माथ्यावर बोगदा आहे. बोगद्याच्या तोंडाशी आडवा बांबू, आणि नारिंगी जाकीट घातलेला एक रखवालदार. त्याने आम्हाला दुरूनच हात केला.

"धूर कसला?"

"धूर नाही, वाफ."

त्याने नाक पुढे केलं. "वाफेला अक्रोडाचा वास?"

"प्रादेशिक इंजिन-स्वच्छता आहे."

"धूर सोडणारं वाहन बोगद्यात नेता येत नाही. आत माणसं गुदमरतात."

तेवढ्यात एक जुना कोळशाचा ट्रक काळाकुट्ट धूर ओकत आमच्या शेजारून आत गेला. रखवालदाराने त्याला सलाम केला.

"मग तो?" मी विचारलं.

"तो नेहमीचा आहे."

"हे बघा," मी आवाज जड केला, "मी सरकारी मानकं लिहितो. तुमच्याकडे धुराची व्याख्या काय?"

"मला दिसतो तो."

इतकी नेमकी व्याख्या माझ्या हातून आजवर झालेली नाही. मी परत वळलो, तर इंजिनाने एक मोठा उसासा टाकला आणि गाडी बंद पडली. व्याह्यांदेखत, घाटाच्या माथ्यावर, मागे गाड्यांची रांग लागलेली. एका गाडीतून कुणीतरी खिडकी खाली करून विचारलं, "बाइके, कबाब झाले का?" ओरोज़बाय खाली उतरले आणि टायरकडे बघत उभे राहिले. मला तेच नको होतं.

तुरातचा ट्रक येऊन थांबला. रस्त्याकडेला मेंढ्या चढवण्यासाठी मातीचा बांध होता.

"भावोजी, वर घेऊ," तुरात म्हणाला. "फ्रिज सरकवतो."

"नवऱ्या मुलीच्या सामानाच्या ट्रकात? गालिच्यांबरोबर?"

"नाहीतर इथेच राहा. व्याह्यांना मी नेतो."

हा पर्याय जास्त अपमानाचा होता. दहा-बारा अनोळखी माणसांनी ढकलून गाडी बांधावर नेली. ओरोज़बायनी आपला कोट काढून तिच्या पुढच्या काचेवर टाकला. "बुजरा घोडा चढवताना डोळे झाकावेत."

"कुदा, पण आत मी बसलोय! मला दिसत नाहीये!"

"तेच तर म्हणतोय," ते म्हणाले.

गाडी वर चढली. चहूबाजूंनी गाद्या ठासल्या, टपावर गालिचे टाकले. दोर कमी पडला म्हणून तुरातने उरलेल्या लाल फितीने बॉनेट आवळलं आणि वर गाठ मारली. ट्रकच्या केबिनमध्ये जागा दोघांचीच, तिथे व्याही-विहीण. मी आणि जुराकान ट्रकवरच्या आमच्या गाडीत. हँडब्रेकचा भरवसा नव्हता म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो. स्टीअरिंगही धरलं. धरलं नसतं तर गाडी मी चालवत नाही असं वाटलं असतं.

बोगदा गेला, सुसामीरचं कुरण गेलं. आम्ही सगळ्या वाहनांहून उंच होतो. घोड्यावरचे गुराखी मान वर करून बघत होते. जुराकानने थर्मासातून चहा ओतून घेतला. मग म्हणाली, "चहा हलत नाहीये बरं का."

गावात शिरलो तेव्हा व्याह्यांच्या अंगणात सगळा गोतावळा जमला होता. पांढरा रुमाल बांधून, नजर पायांशी ठेवून बेगिमाय उभी होती. नव्या सुनेने वर बघायचं नसतं. ट्रक थांबला. पोरांनी फळ्या पाडल्या. आणि सगळ्यांच्या नजरा वर गेल्या.

सगळ्या बघ्यांना काय दिसलं ते मला काच आणि गालिच्यांच्या फटीतून हळूहळू उमगलं. मुलीच्या सामानाचा ट्रक. त्यात फ्रिज, लाल फीत. गाद्या, लाल फीत. आणि मधोमध, गालिच्यांनी मढवलेली, बॉनेटवर लाल गाठ मारलेली, एक मोटार.

बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. नवरदेवाचे चुलत आजोबा काल्मुरात, गावातले सर्वांत ज्येष्ठ पांढऱ्या दाढीवाले, काठी टेकत पुढे आले. मी काच खाली करायला गेलो. बॅटरी बसली होती, काच उतरेना. दार उघडायला गेलो. दोन्ही बाजूंना गाद्या. मी काचेवर थापा मारल्या. खालच्या लोकांना वाटलं, मी हात हलवून अभिवादन करतोय. त्यांनीही केलं.

काल्मुरात आजोबांनी दोन्ही तळवे वर धरले. त्यांच्यामागे सगळ्या अंगणाने तळवे वर धरले. आजोबांचे शब्द काचेतून अर्धेमुर्धे ऐकू येत होते: "पूर्वी बाप लेकीला घोडा द्यायचा... शहरात राहून ज्याने रीत सोडली नाही... चाक फिरत राहो... दाराशी उभं राहो..." आणि मग सगळ्यांनी एका सुरात 'ओमीन' म्हणून तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

ज्येष्ठाचा असा आशीर्वाद झालेली वस्तू परत मागायची रीत आमच्यात नाही. मेलेला माणूस परत मागता येईल.

गाद्या हलवून आम्हाला बाहेर काढलं तेव्हा मी बोलणार होतो. खरोखर बोलणार होतो. शब्द जुळवलेले होते: 'गैरसमज', 'तांत्रिक कारण', 'दुरुस्ती'. पण तेवढ्यात बेगिमायने रीत मोडून मान वर केली. तिच्या मागे तिच्या जावा एकमेकींना कोपराने ढोसत होत्या आणि तिच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत होत्या. तिला सगळं ठाऊक होतं: अक्रोड, चादरी, पिवळा दिवा. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. ते रडणं होतं की हसणं, मला सांगता आलं नाही.

मी ट्रकच्या कडेवर उभं राहून तळवे वर केले आणि 'ओमीन' म्हणालो. जुराकानने माझ्याआधीच म्हटलं होतं.

गाडी उतरवली. जावयाने, आदिलने, ट्रकच्या बॅटरीला तारा जोडून किल्ली फिरवली. मी डोळे मिटून घेतले. काहीच ऐकू आलं नाही, म्हणून मी डोळे उघडले. गाडी सुरू होती. धूर नव्हता, थरथर नव्हती. तो चढ चढताना आतलं सगळं जळून निघालं असावं. काजळी, गर, कुमीस, सगळं. पिवळा दिवासुद्धा विझला होता. ती इतक्या मऊपणे चालत होती की अंगणातल्या कोंबड्या तिच्याखालून निवांत फिरत होत्या. माझ्याकडे असताना ती एकदाही अशी चालली नव्हती.

"कुमीस लागू पडला," कुदागी म्हणाल्या.

ओरोज़बायनी मान कलती करून बराच वेळ इंजिनाचा श्वास ऐकला. मग ते माझ्याजवळ आले, पहिल्यांदाच माझ्या पायांकडे न बघता डोळ्यांकडे बघितलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"कुदा, मी तुम्हाला बडबड्या समजत होतो. तुम्ही फार खोल निघालात. लेकीला गाडी द्यायचीच होती, पण आम्हाला ओझं वाटू नये म्हणून ती बिघडवून आणलीत. एवढं नाटक कोण करतं?" त्यांचा आवाज खाली आला. "धूर मात्र अगदी खरा वाटला हो."

मी खाली बघितलं. मोठं मन दाखवायचं तर ते असं खाली बघूनच दाखवतात. दुसरी सोयही नव्हती. वर बघितलं असतं तर गाडी दिसली असती.